बेथेल : जालन्याचे चर्च-गाव

स्वीडनच्या उत्तर भागात लुलिओ शहरानजीक गामेलस्ताद नावाचे जुने ‘चर्च-गाव’ आहे. पंधराव्या शतकातील दगडी चर्चभोवती चारशेंहून अधिक लाकडी घरे आहेत. परंतु ती कायम वस्तीसाठी नव्हेत. दूरदूरच्या खेड्यांतील भाविकांस प्रार्थनेस येऊन त्याच दिवशी घरी परतणे अशक्य असे. म्हणून रविवारी व सणासुदीस ते तेथे मुक्काम करीत. इ. स. १९९६ मध्ये या गावाची गणना जागतिक वारशात झाली.

आपल्या जालन्यानजीकचे बेथेल हेही उपासनेच्या निमित्ताने वसलेले गाव. पण त्याच्या जन्माचे कारण निराळे. गामेलस्तादच्या भाविकांस घर होते, ते लांब होते इतकेच. बेथेलला आले ते बहुतांशी मांग व महार. त्यांना गाव होते, पण गावकुसाच्या आत जागा नव्हती.

बेथेलचे संस्थापक रेव्हरंड नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. इ. स. १८४३ मध्ये मुंबईस त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत यास न्यायालयाने पित्याच्या स्वाधीन केले; तथापि मिशनऱ्यांकडे राहिलेल्या त्या मुलास जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांशी झगडावे लागले. घराचे दार बंद होणे म्हणजे काय, हे नारायणरावांस निराळे सांगावयास नको होते. पुढे निजामाचे दिवाण सर सालारजंग यांजकडून जमीन मिळवून त्यांनी बेथेल वसविले. या हिब्रू नावाचा अर्थ ‘देवाचे घर’.

वेगळे गाव वसविल्याने जुन्या गावाचे कुसू मोडत नाही, हा आक्षेप खरा आहे. परंतु ते मोडेपर्यंत माणसाने राहावे कोठे?