समांतर संचिका प्रणाली

समांतर संचिका प्रणाली किंवा पॅरलल फाइल सिस्टिम ही महासंगणकातील विदा अनेक सर्व्हरांवर विभागून साठवणारी आणि हजारो प्रक्रियांना एकाच वेळी उपलब्ध करून देणारी प्रणाली आहे. लस्टर, जीपीएफएस व पीव्हीएफएस ही तिची परिचित उदाहरणे होत.

रचना

संचिकेचे ठरावीक आकाराचे पट्टे पाडून ते वेगवेगळ्या सर्व्हरांवर ठेवले जातात. त्यामुळे अनेक डिस्कांची गती एकत्रितपणे वापरता येते. संचिकेचे नाव, परवानग्या व पट्ट्यांची मांडणी यांची नोंद अधिविदा सर्व्हर ठेवतो. दीर्घ गणना मध्येच बंद पडल्यास ती पहिल्यापासून करावी लागू नये, म्हणून तिची स्थिती वेळोवेळी साठवली जाते. हे लेखन संथ असल्यास तेवढा काळ प्रोसेसर निष्क्रिय राहू शकतात.

आंतरपृष्ठ

पॉसिक्स मानकानुसार एका प्रक्रियेने लिहिलेली विदा त्यानंतर वाचणाऱ्या प्रक्रियेस लगेच दिसावी लागते. अनेक प्रक्रिया एकाच संचिकेत लिहीत असताना ही हमी पाळण्यासाठी सहसा कुलुपे वापरली जातात व वेग घटतो. १९९७ च्या एमपीआय-२ मानकातील एमपीआय-आयओ या आंतरपृष्ठाने ही अट शिथिल केली. त्यातील सामूहिक लेखनात निवडक प्रक्रिया इतरांचे विखुरलेले तुकडे गोळा करून मोठ्या सलग खंडांत लिहू शकतात. समांतर एचडीएफ५ हे ग्रंथालय याच आंतरपृष्ठावर उभे आहे.

मूल्यमापन

वाचन-लेखनाचा वेग आयओआर या चाचणीने, तर संचिका निर्माण करणे, शोधणे व पुसणे यांचा वेग एमडीटेस्टने मोजतात. आयओ५०० ही क्रमवारी दोन्ही प्रकारच्या मोजमापांवर आधारित आहे. नुकतीच लिहिलेली विदा त्याच नोडवरून वाचल्यास डिस्कऐवजी स्मृतीचा वेग मोजला जाण्याचा संभव असतो. म्हणून वाचन दुसऱ्या नोडवरून करतात.

महाराष्ट्रातील विकास

पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा येथे जन्मलेले विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली तिने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार केला. परम मालिकेतील पुढील संगणकांसाठी संस्थेने सी-पीएफएस ही स्वतःची समांतर संचिका प्रणाली विकसित केली. तिला एमपीआय-आयओ आंतरपृष्ठ होते. पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये प्रत्युष हा महासंगणक कार्यान्वित झाला. हवामान प्रारूपे प्रचंड विदा निर्माण करीत असल्याने अशा केंद्रांत गणनेइतकेच साठवणुकीच्या वेगालाही महत्त्व असते.