जिबरेलीनचा अनुस्फुरक जैवसंवेदक

जिवंत पेशीतील जिबरेलीन या वाढनियामक संप्रेरकाचे प्रमाण प्रकाशाच्या रंगबदलावरून दाखवणारे, जनुकीय अभियांत्रिकीने घडवलेले प्रथिन. जुन्नर तालुक्यात नारायणगाव परिसरातील बागायतदार द्राक्षमणी लांबवण्यासाठी ‘जीए’, म्हणजे जिबरेलिक आम्ल, वापरतात. उलट आंबेगावच्या सातगाव पठारावरील बटाट्याला कंद धरण्यासाठी जमिनीखालील खोडाच्या टोकाशी हेच संप्रेरक घटावे लागते. एकच द्रव्य अवयवागणिक असे विरुद्ध वागत असल्याने संपूर्ण ऊती वाटून केलेले मोजमाप तोकडे पडते. कोणत्या पेशीत, केव्हा, किती, हेच कळायला हवे. २०१७ मध्ये अलेक्झांडर जोन्स, अ‍ॅनालिसा रिझ्झा व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या ‘जीपीएस १’ या संवेदकामध्ये जिबरेलीनचे ग्राही प्रथिन आणि त्याला चिकटणाऱ्या डेला प्रथिनाचा अंश, निळ्या व पिवळ्या प्रकाशाच्या दोन अनुस्फुरक प्रथिनांमध्ये गुंफलेले असून, संप्रेरक जोडले जाताच रचना बदलते, निळ्याची ऊर्जा पिवळ्याकडे जाते आणि दोन्ही प्रकाशांचे गुणोत्तर पालटते. अ‍ॅरॅबिडॉप्सिस या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या वनस्पतीच्या मुळांत लांबणाऱ्या पेशींमध्ये जिबरेलीन अधिक असल्याचे त्यातून दिसले. मात्र ही जोडणी फार सावकाश सुटत असल्याने प्रमाण घटताना टिपण्यात हा संवेदक मागे पडतो, आणि बटाट्याच्या कंदधारणेत तर नेमकी ती घटच निर्णायक असते.