सिनेमा ट्रॅव्हलर्स, द (निर्मिती-चमू)

महाराष्ट्रातल्या जत्रा-यात्रांतून फिरणाऱ्या तंबू टॉकीजवरचा स्वतंत्र माहितीपट (२०१६, ९६ मिनिटे, मराठी व हिंदी) आणि तो घडवणारी माणसे. दिग्दर्शन व निर्मिती शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया या दोघांची, छायालेखन मधेशिया यांचे, पार्श्वसंगीत अमेरिकेतील लॉरा कार्पमन यांचे. चमू म्हणावा तर तो एवढाच. श्रेयनामावलीत आणखी नावे आहेत, पण तंबूत, ट्रकच्या मागच्या फाळक्याशी आणि प्रोजेक्टरच्या शेजारी वर्षानुवर्षे उभे राहिले ते हे दोघेच. या चित्रपटाचे बरेवाईट सगळे या एका गोष्टीतून निघालेले आहे.

दोघेही दिल्लीच्या जामिया मिल्लिया इस्लामिया विद्यापीठातील जनसंवाद केंद्रात शिकले. २००८ च्या सुमारास त्यांनी महाराष्ट्रातल्या फिरत्या सिनेमाचा शोध सुरू केला. तेव्हा चित्रपट करायचे ठरलेले नव्हते. काम संशोधनाचे होते, आणि बंगळुरूच्या ‘इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स’ या संस्थेचे त्याला साहाय्य मिळाले. मराठी या दोघांचीही मायबोली नव्हे. जत्रेत मुक्काम टाकून तंबूवाल्यांच्या बोलीत कान मुरवणे हे काम त्यांना कॅमेऱ्याआधी करावे लागले असणार, आणि चित्रपटातल्या माणसांचा मोकळेपणा पाहता ते नीट झाले आहे.

पहिले फळ आले ते छायाचित्रांच्या रूपाने. मधेशिया यांनी पडद्याकडे पाठ करून प्रेक्षकांची चित्रे काढली. रात्रीचा खेळ, थंडीचे दिवस, अंगावर घोंगडी नाहीतर चादर, आणि पडद्यावरून परतून आलेल्या उजेडात तेवढेच उजळलेले चेहरे. झगझगीत दिवा कुठेच लावलेला नाही. या चित्रमालिकेला २०११ च्या ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ स्पर्धेत कला व मनोरंजन विभागात पहिले पारितोषिक मिळाले. पुढे चित्रपटाची नजरही याच चित्रांवरून ठरली. माहितीपटात सिनेमाच्या तुकड्यांपेक्षा सिनेमा पाहणारे जास्त दिसतात, ते यामुळे.

तंबू टॉकीजचे गिऱ्हाईक कोण, हे कळायला मराठवाड्यातले एखादे बाजारगाव डोळ्यांपुढे आणावे. हिंगोली जिल्ह्यातल्या (१ मे १९९९ पूर्वी परभणी जिल्हा) औंढा नागनाथ तालुक्यातले जवळा बाजार घ्या. स्वतःची कृषी उत्पन्न बाजार समिती असलेले आणि भोवतालच्या खेड्यांची सोयाबीन, हळद, कापसाची उलाढाल पाहणारे हे गाव. अशा गावच्या माणसाचे वर्ष बाजाराच्या वारावर आणि जत्रांच्या तिथींवर चालते. दसऱ्याला हिंगोलीचे प्रदर्शन, मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा, महाशिवरात्रीला औंढ्याचा नागनाथ. पाळणे, तमाशा, मिठाईची दुकाने आणि सिनेमाचा तंबू एकाच धुळीत उभे राहतात, आणि बैलांच्या सौद्यासाठी आलेला माणूस रात्री खेळाचे तिकीट काढतो. मुंबईच्या वितरकाच्या हिशेबात हा प्रेक्षक शेवटच्या रांगेत होता. तंबूवाल्याचा मात्र सगळा धंदा त्याच्यावरच चाले.

फिरत्या खेळांची परंपरा महाराष्ट्रात सिनेमाच्याही आधीची आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ सुरू केले आणि पटवर्धन मंडळींनी ते गावोगाव नेले. फाळके यांच्या चित्रपटांचे फिरते खेळही प्रसिद्ध आहेत. स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळात ट्रक, जनित्र, कनात आणि ३५ मिलिमीटरचा प्रोजेक्टर अशी तंबू टॉकीजची जुळणी पक्की झाली. ट्रकचा हौदा हीच प्रोजेक्टरची खोली. त्यातून निघालेला झोत प्रेक्षकांच्या डोक्यावरून समोरच्या पडद्यावर जातो. दिव्याच्या जागी कार्बनच्या दोन कांड्या. त्यांच्या टोकांमध्ये विजेची ज्योत पेटते, कांड्या जळत जातात आणि ऑपरेटर त्या हाताने पुढे सरकवत राहतो. हात चुकला की पडदा पिवळा पडतो, आणि पब्लिक शिट्ट्या मारते. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट सरकते, म्हणजे अडीच तासांच्या चित्रपटाला साडेतेरा हजार फूट. इतकी फिल्म लोखंडी पेट्यांतून गावोगाव न्यायची, तीही दुसऱ्या तंबूकडून वेळेत सुटून आली तर.

चमूने चित्रपट उभा केला तो तीन माणसांवर. एक मोठ्या टॉकीजचा मालक, धंद्यात मुरलेला. दुसरा जुन्या ट्रकमध्ये गंजका प्रोजेक्टर घेऊन हिंडणारा लहान तंबूवाला, ज्याच्यासाठी पोरेटोरे गोळा होणे हीच कमाई. तिसरा प्रोजेक्टर दुरुस्त करणारा कारागीर, ज्याने स्वतःच्या डोक्याने नवा प्रोजेक्टर घडवला आहे. तज्ज्ञांच्या मुलाखती नाहीत, इतिहास सांगणारा आवाज नाही. हा निर्णय धाडसाचा आणि महागही आहे. निवेदन नसले की जे घडायचे ते कॅमेऱ्यापुढेच घडावे लागते, आणि त्यासाठी थांबावे लागते. चित्रीकरण सुमारे पाच वर्षे चालले, संशोधनापासून मोजले तर सगळा प्रवास आठ वर्षांचा. पेटी वेळेवर आली नाही म्हणून तंबूबाहेर वाढत जाणारी गर्दी आणि आत फोनला चिकटलेला मालक, हा प्रसंग कागदावर लिहून मिळत नाही.

याच वर्षांत फिल्म संपली. २०१० नंतर नव्या चित्रपटांच्या रिळांच्या प्रती झपाट्याने बंद होत गेल्या आणि तंबूवाल्यांपुढे दोनच वाटा उरल्या: डिजिटल यंत्र घ्या, नाहीतर ट्रक उभा करा. चमू आला होता एका टिकून राहिलेल्या धंद्याची नोंद करायला, आणि कॅमेऱ्यापुढे तो धंदा पालटला. संकलनात या पालटाला खलनायक केलेले नाही, हे चमूच्या समजुतीचे लक्षण आहे. डिजिटलमुळे मोठ्या मालकाच्या तंबूत चित्र स्वच्छ दिसते आणि पेट्यांची वाट पाहावी लागत नाही. कारागिराच्या हातचे काम मात्र जाते. दोन्ही गोष्टी चित्रपट शेजारीशेजारी ठेवतो.

तीन माणसांवर चित्रपट उभा करण्याचा एक तोटाही सांगायला हवा. तीन माणसांत चित्रपट इतका रमला आहे की तंबूतल्या बायका जवळजवळ दिसत नाहीत, आणि जत्रेतला जो प्रेक्षक मधेशियांच्या छायाचित्रांत इतका ठळक आहे तो इथे बहुतेक वेळा मुका राहतो. कार्पमन यांचे संगीतही काही ठिकाणी जरा जास्तच हळवे होते. जनित्राची घरघर आणि कर्ण्यावरची हाक तिथे पुरेशी होती.

पैशाची बाजू स्वतंत्र माहितीपटात नेहमीच अवघड. सरकारी अनुबोधपटांसाठी १९४८ पासून फिल्म्स डिव्हिजन होते आणि त्यांचे चित्रपट थिएटरात सक्तीने दाखवले जात. त्या छत्राबाहेरच्या दिग्दर्शकाने स्वतःची पदरमोड करावी किंवा संस्थांच्या दारी अर्ज टाकावेत. या चमूने दुसरी वाट धरली. अमेरिकेतील सनडान्स इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांच्या अनुदानांतून काम टप्प्याटप्प्याने पुढे सरकले. पाच वर्षे चित्रीकरण करणाऱ्या दोघांच्या चमूला मोठा ताफा परवडलाही नसता, आणि परवडला असता तरी ट्रकच्या हौद्यात मावला नसता.

मे २०१६ मध्ये चित्रपट कान महोत्सवाच्या ‘कान क्लासिक्स’ विभागात पहिल्यांदा दाखवला गेला. माहितीपटांसाठीच्या ‘लॉय दोर’ पुरस्कारात त्याचा परीक्षकांनी विशेष उल्लेख केला. त्या वर्षीचा मुख्य पुरस्कार ब्राझीलच्या एरिक रोशा यांच्या ‘सिनेमा नोवो’ला मिळाला. पुढे टोरांटो, न्यूयॉर्क असे महोत्सव झाले. ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत कथाबाह्य विभागात त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. याच विषयावरचा मराठी कथापट, गजेंद्र अहिरे दिग्दर्शित ‘टुरिंग टॉकीज’, त्याआधी २०१३ मध्येच येऊन गेला होता. मराठी प्रेक्षकाला बहुधा तोच आधी आठवतो.

महाराष्ट्रातल्या इतर स्वतंत्र चमूंशी तुलना केली तर फरक कामाच्या वाटणीत दिसतो. आनंद पटवर्धन यांनी ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) चौदा वर्षांत केला. दिग्दर्शन, कॅमेरा, संकलन या तिन्हींत त्यांचा स्वतःचा हात होता आणि चित्रपटाची भूमिकाही तितकीच उघड आहे. गडचिरोलीतल्या शरणागत नक्षलवादी दांपत्यावरचा ‘अ रायफल अँड अ बॅग’ (२०२०) आर्या रोठे, इझाबेला रिनाल्डी व क्रिस्टिना हानेस या तिघींचा. दिग्दर्शिका म्हणून तिघींचीही नावे बरोबरीने येतात. मुंबईच्या कोळ्यांवरच्या ‘अगेन्स्ट द टाइड’मध्ये (२०२३) दिग्दर्शिका सर्वनीक कौर आणि छायालेखक अशोक मीना ही दोन वेगळी माणसे आहेत. त्या चित्रपटाला सनडान्समध्ये परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या सर्वांच्या मध्ये कुठेतरी बसतो. जोडीतला एक कॅमेऱ्यामागे असतो, दुसरी व्यक्ती माणसांशी बोलत राहते, आणि चित्रपट दोघांच्याही नावावर असतो.

अब्राहम आणि मधेशिया यांनी यानंतरही एकत्रच काम केले. ‘सर्चिंग फॉर सरस्वती’ (२०१८) हा लघुमाहितीपट ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या मालिकेतून, तर राजस्थानातल्या अलवर जिल्ह्यातील जमावहत्येवरचा ‘द अवर ऑफ लिंचिंग’ (२०१९) ‘गार्डियन’तर्फे प्रसिद्ध झाला. दोन्हींत विषय राजकीय आणि तातडीचा होता, त्यामुळे आठ वर्षे थांबण्याची मुभा नव्हती.