सदाफुली : कर्करोगावरील औषधांचे पीक

अंगणात, बांधावर सहज वाढणारी सदाफुली (कॅथरँथस रोझियस) मूळची मादागास्करची. तिच्या पानांतील व्हिन्क्रिस्टीन आणि व्हिन्ब्लास्टीन ही अल्कलॉइड्स जगभर कर्करोगाच्या उपचारात वापरली जातात.

शोध कसा लागला?
सदाफुलीचा काढा अनेक ठिकाणी मधुमेहावर घेतला जात असे. तो गुण तपासताना कॅनडातील रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांना पानांचा अर्क पांढऱ्या पेशी कमी करतो असे दिसले. त्यातून १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टीन हाती आले. व्हिन्क्रिस्टीनला अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळाली.

कार्य
ही द्रव्ये पेशीतील ट्यूब्युलिन प्रथिनाला चिकटून पेशीविभाजन थांबवतात. व्हिन्क्रिस्टीन प्रामुख्याने मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात, तर व्हिन्ब्लास्टीन हॉजकिन लिम्फोमात वापरतात.

लागवड
- जमीन : हलकी ते मध्यम, उत्तम निचऱ्याची. पाणी साचल्यास मर व शेंडेमर येते.
- जाती : लखनौच्या 'सीमॅप' संस्थेच्या निर्मल व धवल (पांढरी फुले).
- बियाणे : रोपवाटिकेसाठी हेक्टरी ५०० ग्रॅम, थेट पेरणीसाठी २.५ किलो.
- पुनर्लागवड : पावसाळ्याच्या सुरुवातीस, दोन महिन्यांची रोपे ४५ × ३० सें.मी. अंतरावर लावावीत.
- काढणी : पाने सहाव्या व नवव्या महिन्यात, मुळे बाराव्या महिन्यात. पाने सावलीत वाळवावीत.
- उत्पादन : ओलिताखाली हेक्टरी सुमारे ३.५ टन वाळलेली पाने व १.५ टन मुळे. मुळांत रक्तदाबावर उपयुक्त अजमॅलिसीन असते.

विक्रीचे गणित
एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टीनसाठी साधारण ५०० किलो वाळलेली पाने लागतात. म्हणजे हेक्टरभर पिकातून जेमतेम सात ग्रॅम! औषध महाग असले तरी शेतकऱ्याला भाव मिळतो तो वाळलेल्या पानांचा आणि मुळांचा. त्यामुळे खरेदीदार, दर आणि ओलाव्याची अट लेखी ठरल्याशिवाय लागवड करू नये. केवळ रोपे विकून 'परतखरेदी'चे तोंडी आश्वासन देणाऱ्यांपासून सावध राहावे.

महत्त्वाची सूचना
पाने चघळून किंवा काढा पिऊन कर्करोग बरा होत नाही. रुग्णालयात ही औषधे शुद्ध स्वरूपात, मोजून, शिरेतून दिली जातात. तरीही व्हिन्क्रिस्टीनमुळे मज्जातंतूंना इजा होऊ शकते, व्हिन्ब्लास्टीनमुळे रक्तपेशी घटतात. कच्च्या पानांत मात्रा कळत नाही आणि वनस्पती विषारी आहे. गर्भवती महिलांनी ती मुळीच घेऊ नये. जनावरांना पिकापासून दूर ठेवावे. गावात कोणी कर्करोगाचा उपचार सोडून पाल्याकडे वळत असेल, तर कृषी सहायकांनी त्याला हे स्पष्ट सांगावे आणि डॉक्टरांकडे परत पाठवावे.