डिंभे धरण, दोन भावना आणि माझ्या प्रश्नावलीतली चूक

आंबेगाव तालुक्याची कचेरी घोडेगावला आहे. मग आंबेगाव कुठे? ज्या गावाचं नाव तालुक्याला आहे, ते जुनं आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणात गेलं. हे धरण २००० साली पूर्ण झालं. कुकडी प्रकल्पात अशी पाच धरणं आहेत. त्यातली येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही चार शेजारच्या जुन्नर तालुक्यात येतात.

धरणाचं पाणी कालव्यांनी खालच्या तालुक्यांत जातं. बुडाली ती वरच्या खोऱ्यातल्या महादेव कोळी आदिवासींची भातखाचरं. बरीच कुटुंबं मात्र जलाशयाच्या काठावरच राहिली. 'शाश्वत' संस्थेच्या साथीने त्यांनी त्याच पाण्यात मासेमारीची सहकारी संस्था उभी केली. पाणी ओसरलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर करण्याचा हक्कही मागितला. 'शाश्वत'च्या कामाला २०१२ साली इक्वेटर पारितोषिक मिळालं. म्हणजे ज्या पाण्याने शेत नेलं, त्याच पाण्यावर चूल पेटते.

आता अशा माणसाला धरणाबद्दल काय वाटत असेल? माझ्या प्रश्नावलीच्या पहिल्या खर्ड्यात एकच प्रश्न होता: 'धरणाबद्दल किती समाधानी आहात? १ ते ५.' ज्याला धरणाशी काही देणंघेणं नाही, तो ३ म्हणेल. ज्याचं शेत बुडालं आणि जो आज जाळं टाकतो, तोही ३ म्हणेल. दोघांचा आकडा एकच, पण दोघांच्या मनात जमीन-अस्मानाचा फरक!

एकाच गोष्टीबद्दल दोन उलट भावना एकाच वेळी असणं, याला स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगन ब्लॉयलर यांनी १९१० च्या सुमारास 'अँबिव्हॅलन्स' हे नाव दिलं. आपण उभयभाविता म्हणू. लिऑन फेस्टिंगर यांचा १९५७ चा 'कॉग्निटिव्ह डिसोनन्स' सिद्धांत वेगळा आहे, गल्लत करू नका. त्यात दोन न जुळणारे विचार टोचतात आणि माणूस त्यातला एखादा बदलून सुटका करून घेतो. इथे बदलायचं तरी काय? शेत गेलं हे खरं, मासा मिळतो हेही खरं.

वर कागदाची भीती असतेच. 'बरं चाललंय' म्हणावं, तर गेलेल्या जमिनीवरचा दावा सैल पडेल. 'वाटोळं झालं' म्हणावं, तर स्वतःच्या हिमतीवर उभं केलेलं काम नाकारल्यासारखं होईल. हा ताण काही अंशी आपणच देतो, एकच चौकट पुढे करून.

उपाय जुना आहे. कॅल्मन कॅप्लन यांनी १९७२ मध्ये मोजपट्टी दोन भागांत तोडली. फक्त चांगल्या बाजूचा विचार करून ती किती चांगली, हे एकदा विचारायचं. मग फक्त वाईट बाजू किती वाईट, ते वेगळं विचारायचं. दोन्ही आकडे मोठे आले तर ती उभयभाविता, दोन्ही लहान आले तर बेफिकिरी.

तेव्हा फील्डवर जाण्याआधी आपल्या प्रश्नावलीतला ३ तपासून बघा. त्यात एखादं बुडालेलं गाव लपलेलं असू शकतं.