हातविणीची वस्त्रे, विणकामाच्या वह्या आणि स्मरणरंजन : अंबाजोगाई परिसराच्या संदर्भात एक विचार

प्रस्तावना

वस्त्र हेही इतिहासाचे साधन असते, हे अंबाजोगाईला वेगळे सांगण्याची गरज नाही. दासोपंतांनी (१५५१-१६१५) ‘पंचीकरण’ ज्या पासोडीवर लिहिले ती सुमारे ४० फूट लांब व ४ फूट रुंद आहे. पासोडी म्हणजे थंडीत अंगावर घेण्याचे जाड सुती पांघरूण. दासोपंतांच्या पासोडीला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात स्थान मिळाले ते तिच्यावर अक्षरे होती म्हणून. ज्या वस्त्रांवर अक्षरे नव्हती ती वापरली गेली, विरली, फाटली आणि विसरली गेली.

प्रस्तुत निबंधाचा विषय अशाच एका वस्त्रप्रकाराशी निगडित आहे. घरी दोन सुयांवर लोकरीने विणलेले स्वेटर, टोपडी, मोजे व मफलर यांच्याविषयी मराठी मध्यमवर्गात अलीकडे एक हळवी ओढ दिसून येते. ‘आजीच्या हातचा स्वेटर’ हा शब्दप्रयोग आता वस्तूपेक्षा भावनेचा निर्देश करतो. जुने नमुने शोधले जातात, ट्रंकेच्या तळाशी राहिलेले बाळाचे मोजे जपून ठेवले जातात. या ओढीत गैर काही नाही. परंतु स्मरणरंजन आणि इतिहास यांत फरक आहे. स्मरणात ऊब राहते. ती ऊब कोणी, केव्हा शिकून, कोणत्या लोकरीने आणि किती खर्चात तयार केली, हे मात्र निसटून जाते. ते सांगू शकेल असे एक साधन अजून पुष्कळ घरांत शिल्लक आहे. ते म्हणजे विणकामाची हस्तलिखित वही.

शब्दांची साक्ष

मराठीत विणणे हे क्रियापद फार जुने आणि व्यापक आहे. मागावर कापड विणले जाते, बाज विणली जाते, चटई विणली जाते, टोपली विणली जाते. दोन सुयांवरील कामासाठी मराठीने नवे क्रियापद घडविले नाही, जुन्यालाच नव्या कामावर ठेवले. त्यामुळे ‘विणकर’ म्हटले की माग डोळ्यांसमोर येतो आणि ‘विणकाम’ म्हटले की दुपारी ओसरीवर बसलेली स्त्री. धातू एकच, पण एका शब्दात जात आणि व्यवसाय आहे, तर दुसऱ्यात घर आणि फावला वेळ.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, तयार वस्तूंची नावे बहुतांशी परकी राहिली आणि क्रियेची नावे मात्र मराठी झाली. स्वेटर, मफलर, पुलोव्हर, कार्डिगन हे शब्द जसेच्या तसे आले. सुलट टाका, उलट टाका, टाके घालणे, टाके बंद करणे, वेणी, जाळी, तसेच क्रोशाच्या कामातील साखळी, खांब, मुका खांब ही परिभाषा मात्र घरातली आहे. वस्तू बाजारातून किंवा चित्रातून आली असावी आणि कृती एका बाईने दुसऱ्या बाईला शेजारी बसून शिकवली असावी, असे या शब्दांवरून अनुमान करता येते. एखादी परिभाषा समिती ज्या कामाला वर्षे घालविते, ते काम येथे कोणाचेही नाव न लागता झाले.

शाळा, मासिके आणि मोमिनाबाद

सुयांवरचे विणकाम ही ‘पूर्वापार’ चालत आलेली भारतीय कला नव्हे. इजिप्तमध्ये मध्ययुगातील विणलेले सुती मोजे सापडले आहेत. युरोपात या व्यवसायाचे संघ होते आणि त्यांचे सभासद पुरुष असत. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये मोजे विणण्याचे यंत्रही तयार केले होते. भारतात ही कला प्रामुख्याने युरोपीय संपर्कातून रुजली.

महाराष्ट्रात तिच्या प्रसाराचा मार्ग मुलींच्या शिक्षणातून जातो. अमेरिकन मराठी मिशनने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली. सिंथिया फरार यांनी पुढे अहमदनगरला मुलींच्या शाळा चालविल्या. अशा शाळांत वाचन-लेखनाबरोबर सुईकाम असे. मुलीला शाळेत पाठवावे की नाही अशा विवंचनेत असलेल्या पालकाला सुईकामाचा विषय धीर देणारा वाटत असावा; मुलगी शिकेल, पण घराबाहेरची होणार नाही. १८८२ च्या हंटर आयोगानेही मुलींच्या प्राथमिक शाळांचा अभ्यासक्रम सोपा असावा व तो गृहजीवनाच्या गरजा ध्यानात घेऊन आखावा, अशी शिफारस केली. पुण्यात १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनात प्रौढ स्त्रियांना शिक्षणाबरोबर हस्तकलेचे वर्ग मिळाले. तेथे मात्र त्याचा अर्थ बदलला. विधवा किंवा परित्यक्ता स्त्रीसाठी सुई म्हणजे चार पैसे मिळविण्याचे साधन होते.

किर्लोस्करांचे ‘स्त्री’ मासिक १९३० मध्ये निघाले. त्याच्यानंतर स्त्रियांसाठीची मासिके वाढत गेली आणि विणकामाच्या नमुन्यांनी त्यांत आपले कायमचे पान मिळविले. ज्या घरात मासिक विकत घेतले जात नसे तेथे ते शेजारून येई आणि परत जाण्यापूर्वी नमुना वहीत उतरून घेतला जाई. वहीचा जन्म असा उसनवारीतून झाला.

मराठवाड्याची स्थिती निराळी होती. अंबाजोगाई निजामी राजवटीत मोमिनाबाद म्हणून ओळखली जात होती आणि तेथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. छावणी होती म्हणून विणकाम गावात आले, असे अनुमान करण्याचा मोह टाळला पाहिजे. छावणीतील बंगला आणि गावातील माजघर यांतील अंतर मैलांत मोजण्यासारखे नव्हते. हैदराबाद संस्थानात शिक्षणाची भाषा उर्दू होती आणि मराठी मुलींच्या शाळा तुरळक होत्या. १९३५ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याहून मोमिनाबादला आले आणि योगेश्वरीच्या शाळेच्या रूपाने राष्ट्रीय शिक्षणाला येथे बळ मिळाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले व १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. मुलींच्या शाळा, शिक्षिकांच्या बदल्या, पुण्या-मुंबईकडून सून होऊन आलेल्या मुली आणि टपालाने येणारी मासिके हे सर्व त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत एकत्र आले. म्हणजे आज ज्याला आपण ‘जुने’ म्हणतो ते या परिसरात फार तर तीन पिढ्यांचे आहे. ज्या आजीची आठवण काढली जाते, तिची स्वतःची आजी बहुधा सुयांवर विणत नव्हती. ती वाकळ शिवत होती.

१९६२ च्या चीन युद्धात देशभरातील स्त्रियांनी जवानांसाठी स्वेटर विणले. सोने आणि लोकर यांची देणगी एकाच वेळी मागितली गेली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. माजघरातले काम काही महिन्यांपुरते राष्ट्रकार्य ठरले आणि नंतर पुन्हा ‘रिकामपणाचा उद्योग’ झाले.

लोकर, लडी आणि उसवण

बालाघाटच्या पठारावर डिसेंबर-जानेवारीतील पहाट चांगली बोचरी असते. परंतु दुपारी स्वेटरची गरज राहत नाही. त्यामुळे येथे प्रौढांपेक्षा लहान मुलांसाठी विणले गेलेले कपडे अधिक असणे स्वाभाविक होते. माहेरून येणाऱ्या बाळंतविड्यात कुंची, झबले, टोपडे, दुपटे ही शिवलेली वस्त्रे परंपरेने असतच. त्यांच्या शेजारी लोकरीचा स्वेटर, टोपडे आणि मोजे यांचा संच जाऊन बसला आणि थोड्याच काळात तो परंपरेचाच भाग वाटू लागला. नवी वस्तू जुन्या चालीत शिरली की तिचे नवेपण कोणाच्या ध्यानात राहत नाही.

स्थानिक लोकर या कामाच्या उपयोगाची नव्हती. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. तिचे घोंगडे उत्तम होते, पण ती बाळाच्या अंगाला लावता येत नाही. विणकामाची मऊ लोकर कानपूर, धारीवाल, लुधियाना अशा उत्तरेकडील गिरण्यांतून किंवा ठाण्यासारख्या ठिकाणाहून येई. ती महाग असे. पगारदार शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरातही एका स्वेटरची लोकर एकदम आणणे जड जाई. रंगाचा लॉट बदलला तर बाही आणि पाठ यांच्या छटा जुळत नसत. जुन्या स्वेटरमध्ये मधेच दिसणारा वेगळ्या रंगाचा पट्टा नेहमीच कलादृष्टीतून आलेला नसतो. पुष्कळदा तेथे लोकर संपलेली असते.

यातूनच उसवण्याची पद्धत पडली. मुलाला तोकडा झालेला स्वेटर उसवायचा, खुर्चीच्या पाठीभोवती लोकर गुंडाळून लडी करायची, ती कोमट पाण्यात धुऊन तिचे आटे सरळ करायचे, वाळवायची आणि धाकट्यासाठी पुन्हा विणायला घ्यायची. ब्रिटनमध्ये १९४१ पासून कपड्यांवर नियंत्रण आले तेव्हा तेथील गृहिणींना नेमका हाच उपाय सांगितला गेला. तेथे तो युद्धकाळापुरता होता, तर आपल्याकडे वर्षानुवर्षांचा. या पद्धतीमुळे एक विचित्र परिणाम झाला आहे. जी वस्त्रे सर्वांत अधिक वापरली गेली, ती मुळीच उरली नाहीत. जी आज ट्रंकेत सापडतात, ती बहुधा फारशी न वापरलेली, ठेवणीतली किंवा उसवण्याइतकी लोकर नसलेली म्हणजे बाळाचे मोजे, टोपडे अशी असतात. उरलेल्या वस्तूंवरून गतकाळाचे चित्र रंगविणाऱ्याने ही गोष्ट विसरता कामा नये.

१९७० आणि १९८० च्या दशकांत स्वस्त अॅक्रिलिक धागा आला. तो रंगाला पक्का, धुवायला सोपा आणि कसरीपासून सुरक्षित होता. त्याच्या पाठोपाठ लुधियानाचे यंत्रावरचे तयार स्वेटर तालुक्याच्या बाजारपेठेत आणि हिवाळ्यात मोठ्या शहरांतून बसणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडे मिळू लागले. तयार स्वेटर लोकरीच्या किमतीपेक्षा स्वस्त पडू लागल्यावर हातविणीचा हिशेब संपला. उरली ती हौस आणि पुढे आठवण.

दुसऱ्या उबेचा इतिहास

येथे एक अडचणीचा प्रश्न उपस्थित करणे आवश्यक आहे. बीड जिल्ह्यात स्वेटरचा हंगाम आणि ऊसतोडीचा हंगाम एकच आहे. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील हजारो कुटुंबे मुलाबाळांसह साखर कारखान्यांच्या परिसराकडे जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. थंडीचे महिने ती उसाच्या फडाजवळ कोपीत काढतात आणि तोडणी पहाटेच्या अंधारातच सुरू होते. या कुटुंबांतील मुलांच्या आठवणीत आजीच्या हातचा स्वेटर असण्याचा संभव कमी. तेथे आहे ती जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक ठेवून, धावदोऱ्याने शिवलेली वाकळ किंवा गोधडी.

गोधडीही हातानेच केलेली असते, तिच्यातही जुने वस्त्र पुन्हा कामी येते, तिलाही आई-आजीचा स्पर्श असतो. तरीही तिचे नमुने कोणत्या मासिकात आले नाहीत आणि त्यांची वही झाली नाही. शिवणारीला पुष्कळदा अक्षरओळख नव्हती हे त्याचे एक कारण. तिला कागदाची गरज नव्हती हे दुसरे. हातविणीच्या स्वेटरविषयीचे स्मरणरंजन ‘सर्वांचे बालपण’ म्हणून मांडले जाते तेव्हा ते प्रत्यक्षात साक्षर, पगारदार आणि हिवाळ्यात स्वतःच्या घरी राहू शकणाऱ्या कुटुंबांचे बालपण असते. एवढी मर्यादा मान्य केली की त्या आठवणीचे मोल कमी होत नाही, उलट ती नेमकी होते.

वही : एक ऐतिहासिक साधन

स्वयंपाकाच्या बाबतीत मराठी समाजाने हे काम काही प्रमाणात केले आहे. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०) हे पुस्तक पाककृतींसाठी लिहिले गेले असले, तरी त्यावरून त्या काळच्या मध्यमवर्गीय घराचा अभ्यास करता येतो. ब्रिटनमध्ये रिचर्ड रट या बिशपांनी स्वतः विणकाम करता करता नमुन्यांची पुस्तके जमविली आणि १९८७ मध्ये हातविणीचा इतिहास लिहिला. त्यांचा ग्रंथसंग्रह आज साउदॅम्प्टन विद्यापीठाच्या ग्रंथालयात अभ्यासकांना उपलब्ध आहे. मराठी घरांतील वह्या मात्र घर बदलताना किंवा वाटणीच्या वेळी रद्दीत जातात.

अशी वही वाचण्याची एक रीत आहे. बहुतेक ठिकाणी तारीख नसते, पण काळ ओळखण्याच्या खुणा असतात. लोकरीचा दर आण्यांत लिहिलेला असेल तर मजकूर १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी सुरू होण्यापूर्वीचा किंवा त्याच सुमाराचा असण्याची शक्यता अधिक. इंच आणि सेंटिमीटर यांवरून मात्र निर्णय करू नये; मेट्रिक पद्धती आल्यानंतरही शिवण-विणकामाने इंच सोडला नाही. सुयांचे क्रमांक ब्रिटिश पद्धतीचे असतात. त्यांत आकडा वाढतो तशी सुई बारीक होते. ८ क्रमांकाची सुई ४ मिलिमीटरची, तर ११ क्रमांकाची ३ मिलिमीटरची. आजच्या मेट्रिक क्रमांकाच्या सुयांवर जुना नमुना सरळ विणायला घेणाऱ्याची फसगत येथेच होते.

‘सु.’ आणि ‘उ.’ या दोन अक्षरांत ओळीच्या ओळी लिहिलेल्या असतात. किती टाक्यांच्या पटीत वीण बसते, काठाची पट्टी किती इंच घ्यावी, काखेपाशी किती टाके कमी करावेत, हे नोंदविलेले असते. एका इंचात किती टाके बसावेत हे मात्र क्वचितच सापडते. ते लिहिण्याची आवश्यकता वाटली नाही, कारण लिहिणारी आणि विणणारी एकच होती आणि तिच्या हाताचा ताण तिला ठाऊक होता. वही दुसऱ्यासाठी लिहिलेली नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. म्हणूनच वहीबरोबर तिच्या मालकिणीची माहिती नोंदविणेही तितकेच निकडीचे आहे : तिचे माहेर कोणते, ती कोणाकडून शिकली, लोकर कोठून आणीत असे, पैसे घेऊन कोणासाठी विणले होते काय. शेवटचा प्रश्न विचारताना संकोच वाटेल. ‘हौस म्हणून’ हे उत्तर ठरलेले असते, आणि त्यामागे कधी कधी एखाद्या घराचा कठीण काळ असतो.

मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि गृहविज्ञान विभागांना हे काम फारशा खर्चाशिवाय करता येईल. वही घरच्यांकडेच राहू द्यावी. पानांची छायाचित्रे घेतली तरी पुरे. मात्र ती घेताना केवळ नमुन्यांची पाने निवडू नयेत. अशा वह्यांच्या मागील पानांवर दुधाचा हिशेब, लोणच्याचे प्रमाण, एखाद्या गाण्याच्या ओळी, मुलांच्या लसीची तारीख असेही काही असते, आणि कोणते पान कोणत्या वर्षाचे हे पुष्कळदा तेथूनच कळते.