केंद्र नसलेले गाव आणि निनावी माणूस

१९९९ साली अमेरिकेत नॅपस्टर निघाले आणि लोक परस्परांच्या संगणकातली गाणी थेट घेऊ लागले. मात्र कोणाजवळ काय आहे याची यादी कंपनीच्या मध्यवर्ती संगणकावर होती. न्यायालयाने बडगा उगारला आणि २००१ मध्ये ती देवघेव थांबली. पुढच्या रचनांनी केंद्रच कमी केले, काहींनी काढून टाकले. २००१ च्या बिटटोरंटमध्ये फाइलचे तुकडे घेणारेच ते इतरांना देतात. पुष्कळांना वाटले, केंद्र गेले म्हणजे पाळतही गेली. वास्तविक तिथे प्रत्येकाचा आयपी पत्ता समोरच्याला दिसतो. २००३ पासून अमेरिकेतल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांनी साध्या माणसांवर खटले भरले ते अशाच पत्त्यांच्या आधारे.

विकेंद्रित म्हणजे निनावी नव्हे, हे दलित माणसाला संगणकाने शिकवायला नको. गावात जातीचे दप्तर कुठल्या एका कचेरीत नसते. ते प्रत्येक ओट्यावर, प्रत्येक पाणवठ्यावर असते. मी कामरगावचा, घरातला पहिला पदवीधर. नवख्या माणसाला आडनाव विचारून त्याची जागा ठरवणारे गाव मी पाहिले आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी ग्रामराज्याचे गोडवे नाकारले आणि गावाऐवजी व्यक्ती हा घटनेचा घटक मानल्याबद्दल समाधान व्यक्त केले, ते उगाच नव्हे.

आमच्या विद्यार्थिदशेत भीमगीते मेमरी कार्डावरून आणि ब्लूटूथने फिरत. मध्ये ना कंपनी, ना यादी. पण ब्लूटूथ उघडले की फोनला दिलेले नाव आसपासच्यांना दिसे. कोणी तिथे अभिमानाने 'जय भीम' लिही, कोणी नुसते फोनचे मॉडेल ठेवी. दोघांचीही कारणे खरी होती. मे २०१५ मध्ये शिर्डीत भीमगीताची रिंगटोन वाजली म्हणून एका दलित तरुणाला जीव गमवावा लागला. फाइल कोणत्या वाटेने आली हे मारेकऱ्यांना शोधावे लागले नाही. गाणे ऐकू आले, एवढे त्यांना पुरे झाले.

तंत्राने काहीच साधत नाही, असे नव्हे. २००० सालच्या फ्रीनेटमध्ये सांकेतिक तुकडे अनोळखी संगणकांवर राहतात आणि मागणी हातोहात पुढे जाते. त्यामुळे मूळ मागणारा कोण, हे ओळखणे अवघड होते. कोण काय वाचतो याची यादी सत्तेच्या हाती पडू नये, ही चळवळीतल्या माणसाची साधी गरज आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपण हा मूलभूत हक्क ठरवला आणि त्याची सांगड माणसाच्या प्रतिष्ठेशी घातली.

पण आपला प्रश्न त्याहून जुना आहे. व्यवस्थेने आपल्याला शतकानुशतके निनावी ठेवले आणि जात मात्र उघडी ठेवली. माणूस झाकला, खूण दाखवली. म्हणून निनावीपण हे आपले अंतिम मूल्य होऊ शकत नाही. नाव केव्हा सांगायचे आणि केव्हा राखायचे हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याच्या हाती हवा. तो अधिकार यंत्र थोडा काळ सांभाळील. तो कायमचा मिळायचा तर जातच मोडावी लागेल.